किमो चालू असताना लांब सुट्टी बरी की हलकं काम?

आमच्या जळगाव एमआयडीसीत डाळ मिलमधल्या एका ताईंना ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा हाच प्रश्न आला, पूर्ण सुट्टी द्यायची की ऑफिसात बसून काम.

सुट्टीचं म्हणाल तर ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असेल तर पैसा थांबत नाही. साध्या आजारपणात ७० टक्के पगार ९१ दिवस, पण कॅन्सर लांबच्या आजारांच्या यादीत आहे, त्यात ८० टक्के, जास्तीत जास्त २ वर्षं. अट एवढीच की आधी २ वर्षं सलग नोकरी आणि त्यात किमान १५६ दिवसांचं कॉन्ट्रिब्युशन पाहिजे. हे बऱ्याच कामगारांना कोणी सांगतच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. पण घरी बसून माणूस एकटा पडतो हो.

हलक्या कामात पगार पूर्ण, चार माणसं बोलायला. फक्त ते खरंच हलकं पाहिजे. किमो बहुतेक २१ दिवसांनी असते, त्यानंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा डाळीची धूळ, गर्दी, मे महिन्यातलं आपलं ४५ डिग्री ऊन, काहीच नको. मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात जायचं तर रात्रीची गाडी, परत येऊन लगेच दुसऱ्या दिवशी हजेरी लावा म्हणणं बरोबर नाही.

मला विचाराल तर किमोपुरती सुट्टी, मग अर्धा दिवस. पण आधी ताईंना विचारा ना भाऊ, आणि त्यांच्या परवानगीशिवाय आजाराचं फ्लोअरवर कोणाला सांगू नका.