जामीन विकणारा काळा कोट

दारू पिऊन गाडी चालवल्याची केस पोलीस ठाण्यात मिटत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या कोणत्या गुन्ह्यांत दंड भरून तडजोड करता येते, त्याची यादी कलम २०० मध्ये दिलेली आहे, आणि त्या यादीत दारू पिऊन गाडी चालवण्याचं कलम १८५ नाही. म्हणजे प्रकरण दंडाधिकाऱ्यांसमोर जाणारच. जो कोणी ‘इथल्या इथे मिटवतो’ म्हणेल तो खोटं बोलतोय, मग अंगात काळा कोट असो नाहीतर खाकी वर्दी. हे आधीच सांगते, कारण आमचे पैसे गेले ते नेमके या एका वाक्यावर.

भावाची बाजू मी घेत नाही. तो प्यायला होता आणि गाडी चालवत होता. गाडी दुभाजकाला घासली, कोणाला लागलं नाही, एवढंच नशीब. पोलिसांनी यंत्रात फुंकायला लावलं. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा, आणि याचा आकडा तिच्या बराच वर गेला. कलम १८५ लागलं, सोबत भारतीय न्याय संहितेचं २८१, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं. दोन्ही कलमं जामीनपात्र आहेत. ठाणे अंमलदाराला कोणीही विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. पण त्याआधीच भावजयीला फोन आला.

“वहिनी, मी वकील बोलतोय. साहेबांना आत घेतलंय. लगेच या, पण ठाण्यात कोणाशी बोलू नका. आधी मला भेटा.”

त्याच्याकडे नंबर कुठून आला, हे कोडं अजून सुटलेलं नाही. माझा संशय आहे, पण पुरावा नाही, म्हणून लिहीत नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा तो गेटच्या बाहेरच उभा होता. काळा कोट, गळ्यात पांढरे बँड. आता विचार करा, रात्री बाराच्या पुढे बँड लावून कोण फिरतं? हातात दिलेल्या कार्डावर ‘अ‍ॅड.’ लावलेलं नाव होतं, न्यायदेवतेचं चित्र होतं, आणि सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, म्हणून एक नंबरही होता.

मग त्याने भीती घालायला सुरुवात केली. “ताई, जुना कायदा गेला. १ जुलै २०२४ पासून सगळं बदललंय. नव्या कायद्यात दारूच्या केसला जामीनच नाही. सकाळी कोर्टात उभं करतील, चौदा दिवस आत. नोकरीवर कळवतील.” या बोलण्यात तारीख तेवढी खरी. त्या दिवशी फौजदारी कायद्याच्या नव्या संहिता लागू झाल्या, पण कलम १८५ हे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं आहे आणि ते होतं तिथेच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचे असे गुन्हे जामीनपात्रच असतात, आणि जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. तो ठाण्यातच मिळतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये तसं लिहिलेलं आहे, आणि जुन्या कायद्यातही हेच होतं.

त्याने मागितले ४०,००० रुपये. त्यातली फी किती आणि ‘वर द्यायचे’ किती, हे त्याने मुद्दाम मोघम ठेवलं. क्यूआर कोड स्कॅन केला तर नाव भलत्याच बाईचं आलं. “मिसेसचं खातं आहे,” म्हणाला. पावती मागितली तर हसला. “अशा कामाच्या पावत्या नसतात, ताई.” त्याने भावजयीकडून दोन कोऱ्या कागदांवर सही घेतली, वकीलपत्राचा छापील फॉर्म आत भावाकडे पाठवून त्यावरही सही आणली, आणि स्वतः आत गेला. थोड्या वेळाने भाऊ बाहेर आला. आम्ही त्या माणसाचे हात धरून आभार मानले.

या धंद्याची मेख इथेच आहे. भाऊ त्याच्यामुळे सुटलाच नाही. अंमलदाराने वैद्यकीय तपासणी झाल्यावर नेहमीप्रमाणे बंधपत्र भरून घेतलं आणि सोडलं. आमचा काळा कोटवाला तेवढा वेळ आतल्या बाकावर बसून होता, हे भावाने नंतर सांगितलं. जी गोष्ट आपोआप होणार आहे तिच्या दोन पावलं पुढे उभं राहायचं आणि ती आपण केली म्हणून पैसे घ्यायचे. गिऱ्हाइकाला शंका येत नाही, कारण माल खरोखर मिळालेला असतो.

एवढ्यावर थांबला असता तर ४०,००० गेले म्हणून गप्प बसलो असतो. पण पुढच्या आठवड्यात त्याचा पुन्हा फोन आला. रक्ताचा रिपोर्ट ‘मॅनेज’ करायचा का, म्हणून. याला मात्र भावजयीने ठाम नकार दिला आणि ते फार बरं झालं. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली होती. म्हणजे दंडावर निभावू शकणारी केस पुरावा नष्ट करण्याच्या गुन्ह्यात नेऊन घालायची, आणि वर त्याचेच पैसे मोजायचे.

त्यावर तो म्हणाला, ठीक आहे, मग दंड भरून केस संपवतो. १०,००० दंडाचे आणखी घेतले. व्हॉट्सअ‍ॅपवर पावती आली. राजमुद्रा, गोल शिक्का, कोणाची तरी सही. “आता कोर्टात यायची गरज नाही. समन्स आलं तर मला फोटो पाठवा, घेऊ नका.”

समन्स आलंही असेल, पण भाऊ मधल्या काळात घर बदलून दुसरीकडे राहायला गेला होता. आलं ते थेट जामीनपात्र वॉरंट. सकाळी दोन हवालदार दारात, आणि काळ्या कोटाचा फोन बंद.

खऱ्या वकिलाकडे गेलो तेव्हा त्यांनी आधी आमची हकीकत ऐकलीच नाही. ती पावती बघितली आणि विचारलं, यावर केस नंबर कुठाय? नव्हताच. मग मोबाइलवर ई-कोर्ट्सचं, म्हणजे कोर्टातल्या केसेसची माहिती देणारं सरकारी अ‍ॅप उघडून भावाचं नाव टाकलं. केस समोर आली. दोषारोपपत्र दाखल झालेलं, तारखा पडलेल्या, प्रत्येक तारखेला आरोपी गैरहजर, आरोपीच्या वकिलाचा रकाना रिकामा. भावाने सही केलेलं वकीलपत्र कोर्टापर्यंत गेलंच नव्हतं. हे सगळं कोणालाही फुकट बघता येतं. प्रत्येक केसला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो, तो घातला की तारीख दिसते. नसला तर पक्षकाराच्या नावावरूनही शोधता येतं.

कार्डावरचा सनद क्रमांक महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे विचारला. तो दुसऱ्याच कोणाचा तरी निघाला. इथे कायद्याची एक गंमत कळली. वकिलाने गैरवर्तन केलं तर बार कौन्सिल त्याची सनद काढून घेऊ शकतं, पण ज्याला सनदच नाही त्याचं कौन्सिल काय काढून घेणार? त्याच्यावर गुन्हाच दाखल व्हावा लागतो. सनदेशिवाय वकिली करण्याला अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, फसवणुकीला न्याय संहितेचं ३१८. आणि वकिलांसाठी गिऱ्हाइकं गाठणाऱ्या दलालांसाठी २०२३ च्या दुरुस्तीने खास कलम ४५ अ आणलंय: तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पाचशे! आमच्याकडून त्याने एका रात्रीत किती नेले ते वर लिहिलंच आहे.

नव्या वकिलांनी वॉरंट रद्द करून घेतलं, भाऊ कोर्टात हजर झाला, कागदपत्रांच्या नकला हातात आल्या. मग त्यांनी जे केलं ते पहिल्या रात्रीच व्हायला हवं होतं. अटकेची वेळ किती, डॉक्टरांसमोर नेल्याची वेळ किती, हे ताडून पाहिलं. कलम १८५ खाली अटक केली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं, असं कलम २०२ सांगतं. यंत्राची छापील चिठ्ठी आहे का, तिच्यावरची वेळ जुळते का, तेही पाहिलं. सगळं पाहून म्हणाले, “यात फारसं काही नाही. गुन्हा कबूल करायचा की लढायचा ते तुम्ही ठरवा, दोन्हीचं काय होऊ शकतं ते मी सांगतो. दोषी ठरलात तर लायसन्सवर किमान सहा महिने गदा येणारच.” निकालाची हमी त्यांनी दिली नाही. फी आकड्यात सांगितली, पावती दिली.

पैसे नव्हते अशातला भाग नाही, पण नसते तरी चाललं असतं. कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली सरकारी खर्चाने वकील मिळतो. १५१०० हा त्याचा हेल्पलाइन नंबर. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं आणि बऱ्याच जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षकही, म्हणजे आरोपीची बाजू मांडणारे सरकारी खर्चाचे वकील, नेमलेले आहेत. ठाण्यात जायची वेळ आली तर आधी आत जा, अंमलदाराला कलमं विचारा आणि जामीनपात्र आहेत का ते विचारा. एफआयआर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे, संवेदनशील गुन्हे सोडले तर, २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवा, तोही वाचा. गेटवर जो स्वतःहून येऊन कार्ड देतो त्याच्याशी बोलायचं कारणच नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला असं गिऱ्हाईक शोधत फिरायला बंदी आहे, मग सनद खरी असली तरी.

आमची तक्रार पोलिसांकडे आहे. पैसे ज्या खात्यात गेले त्याची माहिती बँकेकडून मागवली आहे, असं सांगतात. तक्रार देताना कळलं की तशाच पावतीची तक्रार आणखी एका घराने दिली आहे. त्यांच्याही पावतीवर केस नंबर नाही. तुमच्याकडे दंडाची अशी पावती पडून असेल आणि ‘केस संपली’ असं फक्त कोणी तोंडी सांगितलं असेल, तर आज रात्रीच ई-कोर्ट्सवर नाव टाकून बघा.