‘बॅकअप करप्ट आहे’ सांगून उकळलेले २१,५०० रुपये : सांगलीतला प्रकार, आणि इमेज आपली आपण कशी तपासायची

हळदीच्या सौद्यांच्या ऐन हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत पेढीचा कॉम्प्युटर बंद पडला. पेढीकडे पूर्ण बॅकअप होता. तरीही शहरातल्या एका दुरुस्तीच्या दुकानाने त्यांच्याकडून २१,५०० रुपये घेतले आणि त्यातले साडेसतरा हजार रुपये न केलेल्या किंवा गरज नसलेल्या कामाचे होते. पेढीचं आणि दुकानाचं नाव गाळून सगळा प्रकार इथे मांडला आहे. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या प्रत्येक पेढीला, झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानाला आणि छोट्या दवाखान्याला असंच गाठता येतं, म्हणून तपशील थोडा लांबला तरी शेवटपर्यंत वाचा.

मशीनमध्ये विंडोज १० आणि १ टीबीची हार्ड डिस्क होती, त्यातली साधारण १८० जीबी भरलेली. दर रविवारी रात्री विंडोजमधल्याच ‘बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)’ या सोयीने संपूर्ण सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर आणि फायलींसकट सगळ्याची हुबेहूब प्रत, २ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर जायची. बुधवारी दुपारी डिस्कमधून टक्-टक् आवाज यायला लागला आणि मशीन चालूच होईना. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) अडकलेल्या, ११ तारखेचं जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) तोंडावर. घाईघाईत सीपीयू आणि एक्स्टर्नल डिस्क दोन्ही दुकानात पोचती झाली.

गुरुवारी दुकानदाराने मोबाइलवर एररचा फोटो पाठवला आणि फोन करून सांगितलं, ‘तुमचा बॅकअप करप्ट आहे, रिस्टोर होत नाही. जुन्या डिस्कवरून डेटा रिकव्हरी करावी लागेल.’ शनिवारी मशीन परत आलं, सोबत कच्ची पावती : नवीन ५१२ जीबी एसएसडी (हार्ड डिस्कऐवजी बसणारी चिपची डिस्क) ३,२०० रुपये, डेटा रिकव्हरी १४,००० रुपये, विंडोज आणि ऑफिस ३,५०० रुपये, सर्व्हिस ८०० रुपये. जुनी डिस्क ‘कंपनीत जमा केली’ असं तोंडी सांगितलं.

खोटेपणा उघडा पडला तो तारखांवरून. परत आलेल्या टॅलीच्या डेटात सोमवार, मंगळवार आणि बुधवारच्या नोंदी नव्हत्या. डेस्कटॉपवरच्या फायली, स्कॅन केलेले कागद, सगळं रविवारी रात्रीपर्यंतचं. बंद पडलेल्या डिस्कवर तर बुधवार दुपारपर्यंतच्या नोंदी होत्या. मरत्या डिस्कवरून डेटा काढला तर तो कुठे तुटलेला, कुठे शाबूत, असा विस्कळीत मिळतो. रविवारच्या रात्री रेघ मारल्यासारखा संपत नाही. म्हणजे १४,००० रुपयांची ‘रिकव्हरी’ त्याच इमेजमधून कॉपी केलेली होती, जिला करप्ट ठरवलं होतं. पेढीच्या सीएंकडच्या एका जाणत्या मुलाने एक्स्टर्नल डिस्क लावून इमेज उघडली, तेव्हा ती व्यवस्थित उघडली.

मग रिस्टोर का झालं नाही? फोटोतला एरर क्रमांक होता ०एक्स८००४२४०७. रिस्टोर करायला योग्य डिस्क सापडत नाही, असा त्याचा अर्थ. विंडोजची इमेज मूळ डिस्कएवढ्या किंवा तिच्याहून मोठ्या डिस्कवरच उतरते. आत डेटा १८० जीबी असो की २० जीबी, हिशेब मूळ डिस्कच्या मापाचा. १ टीबीच्या डिस्कची इमेज ५१२ जीबीच्या एसएसडीवर उतरणारच नाही. दुकानाने लहान डिस्क बसवली, नकार आला तो डिस्कच्या मापाला, आणि खापर फोडलं बॅकअपवर.

हा मापाचा घोळ नेहमी होतो. विंडोजमध्ये १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, ५१२ ची ४७६, ५०० ची ४६५ आणि ४८० ची ४४७. ५१२ ची इमेज ५०० वर जात नाही. विकत घेताना जुन्या डिस्कच्या लेबलवरचा आकडा बघून तेवढी किंवा मोठीच घ्या. मोठी घेतली तर उरलेली जागा ‘अनॲलोकेटेड’ म्हणून राहते; डिस्क मॅनेजमेंटमधून तिचा वेगळा ड्राइव्ह करता येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे दुकानाची पायरी चढण्याआधी करायचं. एक्स्टर्नल डिस्क विंडोज १० किंवा ११ असलेल्या दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावा. तिच्यावर ‘विंडोजइमेजबॅकअप’ नावाचा फोल्डर असतो. परवानगी मागितली तर ‘कंटिन्यू’ करा. आत आपल्या मशीनच्या नावाचा फोल्डर, त्यात तारीख असलेला ‘बॅकअप’ फोल्डर, आणि त्यात लांबलचक नावांच्या व्हीएचडीएक्स फायली. सर्वांत मोठी फाइल बहुधा सी ड्राइव्हची. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, ‘ॲक्शन’मध्ये ‘अटॅच व्हीएचडी’ घ्या, ती फाइल निवडा आणि ‘रीड-ओन्ली’वर खूण करायला विसरू नका. नुसतं डबल क्लिक केलं तरी फाइल उघडते, पण मग विंडोज तिच्यात लिहू शकतं आणि चांगली इमेज बिघडण्याचा धोका राहतो. उघडली की ती साध्या ड्राइव्हसारखी दिसते. टॅलीप्राइमचा डेटा नेहमीच्या जागी असेल तर ‘यूजर्स’, ‘पब्लिक’, ‘टॅलीप्राइम’, ‘डेटा’ या वाटेवर पाच आकडी फोल्डर दिसतील. ते पेनड्राइव्हवर घ्या. एवढं झालं की धंदा अडत नाही आणि घाबरवून पैसे काढण्याची वाट बंद होते.

इमेज खरोखर खराब होतच नाही असं नाही. बॅकअप चालू असताना वायर निघाली किंवा एक्स्टर्नल डिस्कवरच बॅड सेक्टर (वाचता न येणाऱ्या जागा) आले तर होते. पण मग फाइल जोडतानाच किंवा आतल्या फायली कॉपी करताना एरर येतो. तो स्वतः बघितल्याशिवाय ‘करप्ट’ हा शब्द मान्य करू नका.

रिस्टोरचं काम तसं सोपं. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा इन्स्टॉलर बनवा. मशीनमध्ये नवीन डिस्क बसवून एक्स्टर्नल डिस्क आधीच जोडून ठेवा. बाकीच्या डिस्क आणि कार्ड रीडर काढा. बूट मेन्यूमध्ये तोच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो, एकदा ‘यूईएफआय’ लिहिलेला आणि एकदा नुसता. मूळ विंडोज ज्या पद्धतीचं होतं तीच निवडा, नाहीतर फर्मवेअर (मशीन सुरू करणारं आतलं सॉफ्टवेअर) वेगळं असल्याचं सांगून रिस्टोर थांबतं. हाही एरर ‘करप्ट’ म्हणून खपवला जातो. पुढे ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’, ‘ट्रबलशूट’ आणि ‘सिस्टिम इमेज रिकव्हरी’. इमेज सापडत नसेल तर बहुतेक वेळा कोणीतरी तो फोल्डर दुसऱ्या फोल्डरात टाकलेला असतो किंवा त्याचं नाव बदललेलं असतं. तो डिस्कवर सगळ्यात वरच, मूळ नावानेच असावा लागतो. १८० जीबीला यूएसबी ३ च्या पोर्टवर साधारण अर्धा-पाऊण तास, यूएसबी २ वर दीड तासाच्या आसपास. विंडोज, टॅली, प्रिंटर, पासवर्ड सगळं रविवारी होतं तसं परत येतं. टॅलीचं लायसन्स एखाद वेळी पुन्हा ॲक्टिव्हेट करावं लागेल, तेवढंच.

म्हणजे विंडोजसाठी वेगळे पैसे द्यायचं कारणच नव्हतं. कोरं विंडोज टाकलं तरी अधिकृत डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. डिस्क बदलल्याने ते जात नाही. पेढीच्या मशीनवर ‘ॲक्टिव्हेशन’च्या पानावर ‘संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने ॲक्टिव्हेट’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं. ही सेवा (केएमएस) मोठ्या कंपन्यांसाठी असते. अडत दुकानाच्या एकट्या मशीनवर ती दिसली तर चोरीचं केएमएस ॲक्टिव्हेटर चालवलंय असं समजा. असली ॲक्टिव्हेटर चालवण्यासाठी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे हे फार धोक्याचं आहे.

‘नवीन’ एसएसडीही जुनीच निघाली. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘पॉवर ऑन अवर्स’, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे तास, ९,४१२ होते. वर्षाचे तास ८,७६०. रोज दहा तास चालणाऱ्या ऑफिसात ९,४१२ तास भरायला, सुट्ट्या धरून, तीन वर्षं लागतात. नवीन डिस्कवर हा आकडा शून्य किंवा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका असावा. ‘टोटल होस्ट राइट्स’ही (डिस्कवर आजवर लिहिलेला डेटा) बघा. डिस्क बसवल्या बसवल्या दुकानातच, दुकानदारासमोर हे पान उघडायला सांगा आणि फोटो काढा. हार्ड डिस्कच्या बाबतीत एवढ्यावरही विसंबू नका : २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क विक्रेत्यांकडून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. त्यांचे नेहमीचे तास शून्यावर आणलेले होते, पण सीगेटच्या ‘फार्म’ या आतल्या नोंदीत खरे तास राहिले होते. स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत ही नोंद वाचता येते.

डिस्क खरंच गेली आहे का, हेही क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये कळतं. ०५, सी५ आणि सी६ या ओळींचे आकडे वाढत असतील तर डिस्क खराब होत चालली आहे. सी७ एकटाच वाढत असेल तर बहुधा साटा केबलचा दोष, आणि केबल शंभर-दीडशे रुपयांत मिळते. टक्-टक् आवाज येत असेल तर मात्र तपासत बसू नका. वीज तोडा. चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासण्याची सोय) चालवू नका. अशा डिस्कची खरी रिकव्हरी धूळविरहित खोलीत, झाकण उघडून, हेड बदलून होते. त्यासाठी डिस्क पुण्या-मुंबईच्या लॅबला जाते आणि आधी तपासणीचा अहवाल येतो. इथल्या काउंटरवर दोन दिवसांत टक्-टक् करणारी डिस्क ‘रिकव्हर’ झाली असं कोणी सांगितलं तर लॅबचा अहवाल मागा.

जुनी डिस्क कधीही सोडू नका. तिच्यावर शेतकऱ्यांचे खाते क्रमांक, पॅन, आधारच्या प्रती असतात आणि तुटलेल्या डिस्कवरूनही त्या निघू शकतात. शिवाय वॉरंटी शिल्लक असेल तर बदली डिस्क तुमच्या हक्काची. सीरियल क्रमांक कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की वॉरंटीची मुदत दिसते. मशीन देण्याआधी सीपीयूचं झाकण उघडून डिस्कच्या लेबलचा फोटो घ्या. बॅकअपची एक्स्टर्नल डिस्क दुकानात ठेवूच नका. रिस्टोर करायचं असेल तर ती घेऊन समोर बसा. दुसरी प्रत वेगळ्या जागी, वरच्या मजल्यावर असू द्या. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या सांगलीकरांना हे वेगळं सांगायला नको.

पैसे गेलेच असतील तर आधी जीएसटीचं पक्कं बिल मागा, त्यावर डिस्कचा सीरियल क्रमांक लिहून घ्या. देत नसतील तर यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपचे मेसेज आणि कच्ची पावती जपा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे ‘ई-जागृती’ या पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार करता येते, वस्तू-सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत २ वर्षांची. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या सेवेवर समोरचा हरकत घेतो, पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात ग्राहकाच्या व्याख्येत बसते. एकट्याने दुकान चालवणाऱ्यांनी तक्रारीत हे स्पष्ट लिहावं. सोबत क्रिस्टलडिस्कइन्फोच्या पानाचा फोटो, एरर क्रमांकाचा फोटो आणि इमेजमधल्या व परत मिळालेल्या फायलींच्या तारखा शेजारी-शेजारी ठेवलेला स्क्रीनशॉट जोडावा. तक्रार निकाली निघेपर्यंत ती इमेज पुसू नका आणि त्या एक्स्टर्नल डिस्कवर नवा बॅकअपही घेऊ नका. त्यासाठी दुसरी डिस्क वापरा.