गुडघ्याच्या सर्जनला कुत्री दाखवायला नेताना: पश्चिम नागपुरातल्या एका क्लिनिकबद्दल

पाचपैकी चार गुण. एक कुठे कापला ते पुढे येईलच. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण थोडी तक्रारही करायची आहे आणि नागपुरात कोण कोणाचं भाऊजी निघेल सांगता येत नाही. तिथे बाहेरगावचे हाडांचे सर्जन ठरावीक रविवारी येतात. फी दीड हजार. गुंगीचं इंजेक्शन आणि एक्स-रे वेगळे.

आमची बुंदी सात वर्षांची लॅब्रॅडोर. मागचा उजवा पाय नुसता टेकवल्यासारखा करून राहिली होती. सकाळी उठताना जास्त, चार पावलं चालली की जरा कमी. बसायची तर तो पाय बाजूला फेकून. सासूबाईंचं निदान तयार होतं: "लचक भरली असन, हळद लावा." शेजारच्या काकांनी तर स्वतःची गुडघेदुखीची गोळी अर्धी करून हातात ठेवली. ती मी परत केली. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही माणसांची औषधं कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला भारी पडतात. आमचे नेहमीचे डॉक्टर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले. त्यांनी गुडघा हलवून पाहिला आणि म्हणाले, क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्यात मांडीचं हाड आणि नडगी बांधून ठेवणारा पट्टा, गेलेलं दिसते, सर्जनला दाखवून घ्या.

या क्लिनिकचं खरं कौतुक सर्जनच्या आधीच सुरू होतं. वेळ घेतली त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मराठीत सूचना आल्या, आणि त्या कोणीतरी डोकं लावून लिहिलेल्या होत्या. कुत्र्याचे व्हिडिओ काढा: समोरून येताना, पाठमोरं जाताना, बाजूने चालताना आणि बसलेलं उठताना. मोबाइल कुत्र्याच्या उंचीला धरा. कुत्र्याला फरशीवर नको, खरखरीत जमिनीवर चालवा. यामागचं कारण तिथे गेल्यावर कळलं. क्लिनिकच्या वासाने आणि घाबरून कुत्रं इतकं ताठ होतं की लंगडणंच विसरतं. बुंदीही तिथे शहाण्यासारखी चालली. व्हिडिओ नसते तर सर्जनला आमच्या नुसत्या बोलण्यावर विश्वास ठेवावा लागला असता. मुलाने अंगणात पालथं पडून शूटिंग केलं, त्याचं शर्ट गेलं ते गेलंच.

वजनही आधी कळवायला सांगितलं होतं. बुंदीला किराणा दुकानातल्या धान्याच्या काट्यावर उभं केलं: 38 किलो. दुकानदार म्हणाले, "वहिनी, पोतंच झालं हे." यावर घरात जी चर्चा झाली ती सासूबाईंच्या तूप-पोळीवर येऊन थांबली, आणि तिथेच संपवणं शहाणपणाचं होतं.

औषधांच्या पट्ट्या फोटो काढून नव्हे, सोबत आणायच्या. दुखण्याचं मेलॉक्सिकॅम चालू असताना कोणी खाजेसाठी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिलेलं असेल, तर दोन्ही मिळून पोटात अल्सर होऊ शकतो. म्हणून त्यांना तारखेनिशी यादी हवी असते. रक्ताची तपासणीही आधीच मागितली होती: मूत्रपिंड, यकृत आणि प्लेटलेट. आपल्याकडे गोचिडांचा त्रास आहेच. गोचिडाच्या तापात प्लेटलेट पडतात, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्तस्रावाची भीती, आणि त्याच तापात सांधेही दुखतात. तेव्हा लंगडण्याचं कारण गुडघाच आहे ना, हेही त्यातून तपासलं जातं.

गुंगी द्यायची म्हणून आदल्या रात्रीनंतर खाणं बंद, पाणी चालेल. रिसेप्शनवरच्या मुलीने फोन करून बजावलं, "ताई, येताना बिस्किट नका देऊ हो, अर्धंही नाही." लॅब्रॅडोरवाल्यांना ही सूचना किती गरजेची आहे ते विचारा.

आम्ही बाहेर काढलेला एक्स-रे नेला होता. त्याचा उपयोग थोडाच झाला. लिगामेंट एक्स-रेत दिसतच नाही. दिसते ती सांध्यातली सूज आणि हाडाच्या कडेला वाढलेले टोक. शिवाय ऑपरेशन ठरवायला गुडघ्यासोबत घोटाही त्याच फोटोत लागतो, तरच नडगीच्या वरच्या टोकाचा उतार मोजता येतो. सर्जननी नीट समजावलं आणि नवीन काढला. गुंगीत स्नायू सैल पडल्यावर त्यांनी मांडीचं हाड धरून नडगी पुढे सरकवून दाखवली. ड्रॉवर उघडल्यासारखी सरकली, म्हणजे धरून ठेवणारं लिगामेंट गेलेलंच. मला बघवलं नाही, मुलाने बघितलं.

मी प्रश्न वहीत लिहून नेले होते. बँकेत कॅशवर आयुष्य गेलं, हिशेब लिहिल्याशिवाय चैन पडत नाही. सर्जन घाई न करता एकेकाला उत्तर देत होते. नायलॉनचा जाड दोरा घालायचं स्वस्त ऑपरेशन लहान कुत्र्यांना बरं; एवढ्या वजनाला ते टीपीएलओ सुचवतात, म्हणजे नडगीचं वरचं टोक कापून, फिरवून, प्लेट आणि स्क्रूने बसवायचं. हाड जुळेपर्यंत आठ ते बारा आठवडे पळणं, जिना, सोफा सगळं बंद. दुसऱ्या पायाचं लिगामेंटही पुढे कधीतरी जाण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास, कारण कुत्र्यांत हे लिगामेंट बहुतेक वेळा हळूहळू झिजत जातं. हे ऐकायला कडू होतं, पण आधी सांगितलं म्हणून मला ते आवडले. वजन उतरवायचं काम मात्र आजपासून, असं त्यांनी सासूबाईंकडे बघून सांगितलं. घरातलं राजकारण त्यांना कोणी कळवलं असेल कोण जाणे.

आता कापलेला गुण. हाडांचं क्लिनिक आणि वेटिंगमध्ये चकाचक गुळगुळीत टाइल्स! एक म्हातारा जर्मन शेफर्ड आमच्यासमोर चारही पाय फाकून बसला, मालकाला उचलता येईना. पाच-सहा रबरी मॅट टाकल्या तर काय बिघडते? मी सांगितलं, "हो मॅडम, करतो" म्हणाले. तोपर्यंत तुम्ही घरून योगा मॅट न्या, आणि पोटाखालून धरायला एक लांब टॉवेल. ऑटोवाले एवढं मोठं कुत्रं घेत नाहीत, तेव्हा गाडी आधीच ठरवा. मे महिन्यात सकाळची पहिली वेळच मागा. अकरानंतर गाडीपासून दारापर्यंतचा रस्ताही पंजे भाजणारा असतो.

खर्चाचा अंदाज त्यांनी कागदावर लिहून दिला, त्यात प्लेट, भूल, राहणं आणि नंतरचे एक्स-रे वेगवेगळे दाखवलेत. तुम्हीही तसाच मागा, एकरकमी आकडा घेऊ नका.