बूस्ट.कॉन्टेक्स्ट: पोर्टिंग करताना गार्ड पेजवाला स्टॅकच वापरा

हलक्या टास्क (एकाच थ्रेडवर आळीपाळीने चालणारी, स्वतःचा स्टॅक असलेली कामं) वापरणारा प्रोग्राम लिनक्सवरून विंडोज किंवा मॅकवर न्यायचा असेल, तर सी++ची बूस्ट.कॉन्टेक्स्ट ही लायब्ररी घ्याच. एका टास्कवरून दुसऱ्यावर जाताना प्रोसेसरची रजिस्टर बदलण्याचं असेंब्ली प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी तयार मिळतं. विंडोजवर थ्रेडच्या नोंदीतल्या स्टॅकच्या सीमाही तेच बदलतं; हाताने लिहिलेल्या कोडमध्ये नेमकं हेच राहून जातं आणि एक्सेप्शन आलं की प्रोग्राम कोसळतो. याच कामाच्या जुन्या मेककॉन्टेक्स्ट फंक्शनवर भिस्त नको. पॉझिक्स या युनिक्स मानकाने ते 2008 च्या आवृत्तीतून काढलं आणि मसल या लिनक्सच्या सी लायब्ररीत ते मुळातच नाही.

लायब्ररीचा डीफॉल्ट ॲलोकेटर (स्टॅकसाठी मेमरी देणारा भाग) मात्र पटत नाही. 'फिक्स्डसाइझ_स्टॅक' मॅलॉकने जागा घेतो, गार्ड पेज (स्टॅकच्या टोकाशी असलेलं, हात लावताच प्रोग्राम थांबवणारं बंद पेज) ठेवत नाही. स्टॅक संपला की शेजारचा हीप खराब होतो आणि क्रॅश भलत्याच फंक्शनमध्ये दिसतो. पोर्टिंगमध्ये हा धोका वाढतो, कारण तोच प्रिंटएफ दुसऱ्या सी लायब्ररीत जास्त स्टॅक खाऊ शकतो. म्हणून 'प्रोटेक्टेड_फिक्स्डसाइझ_स्टॅक' निवडा: चूक जिथे होते तिथेच सापडते. जीसीसीला 'एफस्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शन' हा पर्यायही द्या, नाहीतर मोठा लोकल ॲरे गार्ड पेज ओलांडून पलीकडे जातो.

याची किंमत मोजावी लागते. लिनक्सवर प्रत्येक स्टॅकमागे दोन मॅपिंग (कर्नलकडच्या मेमरीच्या तुकड्यांच्या नोंदी) लागतात. एका प्रोसेसला मिळणाऱ्या मॅपिंगची मर्यादा, 'मॅक्स_मॅप_काउंट', सहसा 65530 असते, म्हणजे साधारण 32 हजार टास्कनंतर मेमरी मागणारे एममॅप किंवा तिचे हक्क बदलणारे एमप्रोटेक्ट नकार देते. ही मर्यादा कर्नलच्या सेटिंग बदलणाऱ्या sysctl कमांडने वाढवता येते. ॲपल सिलिकॉनवर पेज 4 नव्हे, 16 केबीचं असतं, त्यामुळे 20 केबी मागितले की गार्ड धरून 48 केबी जातात. विंडोजवर तर पूर्ण स्टॅक आधीच कमिट होतो, म्हणजे सिस्टिमच्या मेमरीच्या कोट्यातून वजा होतो: 256 केबीच्या 10,000 टास्क म्हणजे जवळपास अडीच जीबी, स्टॅकला हात लागो न लागो. लिनक्सवर वापरलेल्या पेजेसपुरतीच रॅम जाते, म्हणून तिथला हिशेब विंडोजला लावू नका.

आकार अंदाजाने ठरवू नका. स्वतःचा ॲलोकेटर लिहून 'ॲलोकेट'मध्ये स्टॅक 0xAA ने भरा, सगळ्या चाचण्या चालवा आणि खालच्या टोकापासून किती बाइट तसेच उरले ते मोजा. प्रत्येक सिस्टिमवर हे वेगळं करा आणि प्रत्यक्ष वापरलेल्या बाइटच्या दुप्पट जागा ठेवा. भरल्यामुळे सगळी पेजेस रॅममध्ये येतात, त्यामुळे हा ॲलोकेटर चाचणीपुरताच.

गरजेनुसार वाढणारा 'सेगमेंटेड_स्टॅक' आकर्षक वाटतो, पण त्याला कंपायलरचा स्प्लिट-स्टॅक आधार लागतो. व्हिज्युअल सी++मध्ये तो नाही, तेव्हा पोर्टेबल कोडसाठी हा पर्याय बादच.