ड्युटीवर जखमी झालेल्या पोलिसाला 'मेडिकल बोर्डाचं सर्टिफिकेट काढून देतो' म्हणून गंडवलं, सावध राहा

माझे पप्पा पोलीस हवालदार आहेत. रात्रीच्या नाकाबंदीला उभे असताना एका पिकअपवाल्याने बॅरिकेड उडवून त्यांना धडक दिली, मांडीचं हाड मोडलं, खुबा निखळला, रॉड टाकला तरी पाय आखूड राहिला तो राहिलाच. आता काठीशिवाय जिना चढता येत नाही. हे ड्युटीवर झालं हे अख्ख्या पोलीस स्टेशनला माहितीये, पण पेन्शनच्या फाईलला कागद लागतो आणि नेमकं तिथेच आम्हाला फसवलं गेलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

पोलीस लाईनीतल्या एकांनी एका 'पेन्शन सल्लागारा'चा नंबर दिला. हा माणूस स्वतःला रिटायर्ड क्लार्क म्हणवतो. घरी आला, सगळे कागद चाळले आणि म्हणाला, "हवालदार साहेब, तुमच्या युडीआयडी कार्डावर (दिव्यांग ओळखपत्रावर) अपंगत्वाचे टक्के आहेत, पण हे ड्युटीमुळे झालं असं कुठे लिहिलंय? ते लिहून आणायचं काम माझं." आता यातला पहिला भाग अगदी खरा आहे. अपंगत्वाचा दाखला फक्त प्रकार आणि टक्केवारी सांगतो, कारण सांगत नाही. इजा पेन्शनसाठी (ड्युटीवर झालेल्या इजेबद्दल मिळते ती) मात्र इजा आणि ड्युटी यांचा संबंध दाखवावाच लागतो. अर्धं खरं बोलला म्हणूनच पप्पांचा विश्वास बसला.

वर भीती पण घातली, की लवकर केलं नाही तर अनफिट ठरवून घरी बसवतील, हातात काहीच येणार नाही. हे साफ खोटं होतं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही असं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 20 मध्ये आहे, जमेल असं दुसरं काम त्याच पगारावर द्यावं लागतं आणि तशी जागा नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवावं लागतं. (केंद्राच्या सशस्त्र पोलीस दलांतल्या लढाऊ पदांना यातून सूट दिलेली आहे, त्यामुळे सीआरपीएफ वगैरेंनी आपलं वेगळं बघा.) पण दुखणाऱ्या पायाने बसलेल्या माणसाला कुणी कायदा वाचून दाखवत नाही, त्याला फक्त भीती ऐकू येते.

साठ हजार ठरले. पंधरा हजार फोनपेवर घेतले, बाकी कॅश, "वर द्यावे लागतात" म्हणून. आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे पप्पांचा ओरिजिनल केस पेपर आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन गेला. त्या केस पेपरवर कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी त्याच रात्री लिहिलेली ओळ होती, नाकाबंदी ड्युटीवर असताना वाहनाची धडक. आमच्या केसमधला सगळ्यात भक्कम पुरावा तोच होता आणि तो आमच्याच घरात होता!

मग त्याने सर्टिफिकेट आणून दिलं. गोल शिक्का, तीन डॉक्टरांच्या सह्या, जावक क्रमांक, खाली 'सदर अपंगत्व शासकीय कर्तव्यामुळे आले आहे'. पप्पांनी ते ऑफिसला जमा केलं. आस्थापना शाखेने पडताळणीला पाठवलं तर रुग्णालयाच्या रजिस्टरला तो जावक क्रमांक भलत्याच माणसाच्या पत्राचा निघाला, म्हणजे सर्टिफिकेट बोगस. नोटीस आली पप्पांना. इतकी वर्षं डाग न लागता नोकरी केलेला माणूस, आणि बनावट कागद सादर केला म्हणून विभागीय चौकशी का करू नये याचा खुलासा लिहीत बसला होता. त्या रात्री ते जेवले नाहीत. फोनपेचा तो एक व्यवहार आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज होते म्हणून आम्हाला आमची बाजू मांडता आली, सगळे कॅश दिले असते तर काय केलं असतं देव जाणे.

खरं म्हणजे बोर्डाचं, म्हणजे वैद्यकीय मंडळाचं, सर्टिफिकेट बाहेरून 'काढता' येतच नाही. आधी ऑफिसचं पत्र जातं, मग मंडळ तपासतं. जो माणूस पप्पांना तपासणीला न नेता सर्टिफिकेट आणून देतो तो खोटा, इतकं साधं आहे हे.

खरे कागद कुठे मिळाले ते सांगते, कारण जवळपास फुकट मिळाले. रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममधून एमएलसी रजिस्टरचा (अपघात, मारहाण अशा पोलीस केसच्या रुग्णांची नोंदवही) उतारा. पोलीस स्टेशनमधून त्या रात्रीच्या स्टेशन डायरीची नोंद आणि हजेरी मास्तरकडच्या ड्युटी वाटपाची प्रत, यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. पिकअपवाल्यावर गुन्हा दाखल होऊन दोषारोपपत्र कोर्टात गेलं होतं, तिथून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा आणि इजा प्रमाणपत्राच्या नकला काढल्या. पंचनाम्यात बॅरिकेड कुठे होतं, पप्पा कुठे पडले होते, सगळं लिहिलेलं आहे. ज्यांची घटना जुनी आहे त्यांनी तर उद्याच अर्ज टाका, जुनी रजिस्टरं काही वर्षांनी नष्ट करतात. आणि नोकरी चालू असेल तर सेवापुस्तकात त्या इजेची नोंद झालीये का ते स्वतः डोळ्यांनी बघा.

ऑफिसने खुलासा मान्य केलाय, या नवीन कागदांसकट फाईल परत बोर्डाकडे गेलीये. त्या माणसावर फसवणूक आणि बनावट दस्तऐवजाची तक्रार दिलीये, पैसे काही परत आलेले नाहीत. 'वर द्यावे लागतात' म्हणून कुणी तुमच्याकडे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधकचा 1064 नंबर आहे, द्यायच्या आधी लावा. आणि अशाच कुणी आणून दिलेलं बोर्डाचं सर्टिफिकेट तुमच्या घरात पडलं असेल तर ते ऑफिसला देऊ नका, आधी त्या रुग्णालयात जाऊन जावक क्रमांक रजिस्टरला पडताळून घ्या.