कादंबरीच्या ‘पुनर्लेखना’चे पैसे देण्याआधी हे वाचा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात लिहिणारे पुष्कळ आहेत. कडोली, येळ्ळूर, उचगावची संमेलने गावकऱ्यांनी जिद्दीने चालवली आहेत. पण कादंबरीचा खर्डा हातात घेऊन ओळ न् ओळ वाचणारा संपादक जवळपास सहसा मिळत नाही, म्हणून तो मोबाइलवर शोधला जातो. फसवणारे नेमके इथेच गाठतात.

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षकांची फसवणूक झाली ती अशी. कादंबरी १९८६ च्या सीमा आंदोलनाच्या काळातली. पहिली तीन प्रकरणे पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी भरघोस कौतुक आले, पाठोपाठ वाचनशुल्काची मागणी. मग दोन पानी अहवाल आला: ‘पात्रे अधिक ठसठशीत हवीत, मध्यंतर रेंगाळते.’ कुठले पात्र, कितव्या पानावर, काही नाही. असा अहवाल कुठल्याही कादंबरीला चिकटवता येतो. त्यानंतर पुनर्लेखनाची मोठी रक्कम आगाऊ घेतली आणि आठवडाभरात पीडीएफ पाठवली.

त्या पीडीएफमध्ये सगळीकडे ‘बेळगाव’चे ‘बेळगावी’ झाले होते. शहराचे नाव सरकारी दप्तरी बदलले १ नोव्हेंबर २०१४ ला, आणि इथे १९८६ मधली माणसे ‘बेळगावी’ म्हणत होती. त्याहून वाईट म्हणजे ‘बेळगावात’चे झाले होते ‘बेळगावीात’. वेलांटीवर काना माणूस कधीच लिहिणार नाही. हे फाइंड-रिप्लेसचे, म्हणजे एक शब्द सगळीकडे आपोआप बदलणाऱ्या सोयीचे काम. आपल्याकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात, ते सरसकट ‘मी येते, मी जाते’ करून टाकले. संवादांचा जीवच गेला. आणि खरी चूक तशीच राहिली: सातव्या प्रकरणात बाळंतपणाला माहेरी गेलेली सून आठव्यात सासरी भाकऱ्या थापत होती.

खऱ्या पुनर्लेखनाचा क्रम उलटा असतो. आधी सगळ्या प्रसंगांची यादी करतात: कोण, कुठे, कुठल्या महिन्यात, आणि प्रसंग संपताना काय बदलले. ज्यात काहीच बदलत नाही तो प्रसंग गाळतात किंवा दुसऱ्यात मिसळतात. मग पात्रांची वये, सणवार, पीकपाणी यांचा ताळा. त्यानंतर संवाद आणि वाक्ये. शुद्धलेखन अगदी शेवटी, कारण जी पाने पुढे काढूनच टाकायची ती आधी तपासण्यात अर्थ नाही. २५० पानांच्या कादंबरीला यात किमान दोन सलग वाचने लागतात, मध्ये लेखकाशी बोलणे लागते. आठवड्यात होतो तो फक्त शेवटचा टप्पा, आणि तोच पुनर्लेखन म्हणून विकला जातो.

म्हणून आधी दहाच पानांचे नमुना काम मागा, त्याचे पैसे वेगळे द्या. त्या पानांत काळाची एक चूक मुद्दाम ठेवा. ती सापडली नाही तर पुढे जाऊ नका. काम वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवूनच करून घ्या, म्हणजे प्रत्येक बदल दिसतो, नको तो नाकारता येतो. नुसती पीडीएफ स्वीकारू नका. ट्रॅक चेंजेस नसलेली वर्ड फाइल आली तर ‘रिव्ह्यू’मधल्या ‘कम्पेअर’ने मूळ प्रतीशी ताडून पाहा. खर्डा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या लिपी-पद्धतीत, बदलताना रफार आणि जोडाक्षरे फुटतात. ती दुरुस्ती संपादन म्हणून बिलात लावू देऊ नका. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता फाइल तपासल्यावरच.

करारातले ‘सहलेखक’ किंवा ‘सर्व हक्क’ हे शब्द शोधा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी करार लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. न वाचता केलेली सही म्हणूनच महागात पडते. आयएसबीएनची, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाची, ‘सरकारी फी’ म्हणून पैसे मागितले तर तिथेच थांबा, तो क्रमांक सरकारी एजन्सी मोफत देते.

पैसे अडकलेच तर ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या सरकारी मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणे अवघड. काम निकृष्ट केल्याची तक्रार ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. समोरचा पुण्या-मुंबईचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, ती दाखल होते. त्यासाठी मूळ खर्डा, त्यांनी परत दिलेली फाइल, अहवाल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि सगळे चॅट तारखांसकट जपून ठेवा. चॅटचे नुसते स्क्रीनशॉट न घेता पूर्ण संभाषण एक्स्पोर्ट करून घ्या.