बायबलमधल्या न्यायाच्या दिवसावरची छोटी पुस्तिका, ४० रुपयांत ठीकठाक
शरणपूर रोडला एका छोट्या दुकानातून घेतली, घरी येईपर्यंत स्टेपल पिन निघाली आणि पान १० नंतर डायरेक्ट १३, नरक नेमका तिथेच सुरू होत होता बहुतेक. पण मजकूर भारीये. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या २५ व्या अध्यायातला मेंढरं-शेरडांचा भाग मस्त उलगडलाय, म्हणजे निवाडा कशावर तर भुकेल्याला जेवू घातलं का, तुरुंगातल्याला भेटायला गेलात का, आणि ४६ व्या वचनात शिक्षा नि जीवन दोन्हींना ‘सार्वकालिक’ हा एकच शब्द, म्हणून तर शिक्षा कायमची का यावर एवढा वाद. गेहेन्ना, म्हणजे बायबलमधला नरकासाठीचा शब्द, मुळात यरुशलेमजवळचं हिन्नोमचं खोरं, हे मला माहीतच नव्हतं. आजीला वाचून दाखवलं तर म्हणे, मग दारात आलेल्याला चहा तरी विचारत जा! बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणातला २० वा अध्याय मात्र दीड पानात उरकलाय, अग्निसरोवर आलं की संपलंच. ३ स्टार, एक पिनचा कापला.